स्टारड्यू व्हॅलीत खडे आणि स्फटिक कसे जमवायचे: नव्याने खेळणाऱ्यांसाठी

परळला राहणाऱ्या माझ्या भाच्याचा गेल्या महिन्यात फोन आला. "मावशी, म्युझियममध्ये ॲमेथिस्ट मागतायत, पण माझ्याकडे एकही नाही. मला तर पाच मिळाले होते!" पाचही त्याने बियाण्यांसाठी विकले होते. मी स्वतः हा खेळ डोंबिवली ते सीएसएमटी या रोजच्या प्रवासात शिकले आणि अगदी हीच चूक केली होती, म्हणून त्याला काय वाटत असेल ते लगेच कळलं. त्या रात्री त्याला फोनवर जे सांगितलं, तेच इथे नीट क्रमाने लिहिते आहे.

'स्टारड्यू व्हॅली' हा एरिक बॅरोन या एकट्या माणसाने बनवलेला खेळ २०१६ साली आला. वरून पाहिलं तर शेतीचा खेळ आहे. आजोबांची पडीक जमीन, कोंबड्या, गावातली माणसं. पण डोंगरातल्या खाणीत उतरलात की दुसराच खेळ सुरू होतो. खेळ मराठीत नाही, म्हणून खड्यांची नावं मी खेळात दिसतात तशीच देवनागरीत लिहिली आहेत. रूबी म्हणजे आपलं माणिक, एमराल्ड म्हणजे पाचू, डायमंड म्हणजे हिरा, आणि क्वार्ट्झ म्हणजे लहानपणी आपण ठिणग्या पाडायला एकमेकांवर घासायचो ती गारगोटी.

प्रवासात खेळणाऱ्यांसाठी एक गोष्ट आधीच सांगते. खेळातला एक दिवस सकाळी ६ ते रात्री २ असा असतो आणि तो खऱ्या घड्याळात साधारण १४ मिनिटांत संपतो. स्लो लोकलने दादरहून घाटकोपरला पोचायला जेवढा वेळ लागतो, जवळपास तेवढाच. खेळ पक्का सेव्ह होतो तो फक्त रात्री झोपल्यावर. म्हणून उतरायचं स्टेशन दोन स्टेशनांवर आलं असेल तर नवा दिवस सुरू करू नका. एकट्याने खेळताना मेनू उघडला की वेळ थांबतो. गर्दीत कोणी "जरा सरका" म्हटलं तर आधी मेनू उघडा, मग सरका.

आधी जवळ काय हवं

- पिकॅक्स, म्हणजे दगड फोडायची कुदळ. ही पहिल्या दिवसापासून तुमच्याकडे असते.
- तलवार. खाणीत पहिल्यांदा शिरलात की मार्लन नावाचा म्हातारा गंजकी तलवार देतो. पहिल्या काही मजल्यांना ती पुरते.
- खायला काहीतरी. एकॉर्न (ओकचं बी), मेपलचं बी आणि पाइनचं बोंड प्रत्येकी एक घेऊन फील्ड स्नॅक बनतो. ही तिन्ही झाडं हलवली की कधी ना कधी पडतात.
- किमान दोन लाकडी पेट्या. एका पेटीला ५० लाकूड लागतं.
- मोठी पिशवी. सुरुवातीला १२ खण मिळतात. पिअरच्या दुकानात २,००० गोल्डला २४ खणांची मिळते. पहिल्या हंगामात कुठेही पैसे घालायचे असतील तर इथे घाला. पिशवी भरली की पायाशी पडलेला खडाही उचलता येत नाही.

१. खाणीत उतरणं

वसंतातल्या ५ तारखेपर्यंत खाणीची वाट दरडीने बंद असते. त्या दिवशी सकाळी टपालात वाट मोकळी झाल्याचं पत्र येतं. खाण गावाच्या उत्तरेला, तळ्याच्या काठाला आहे. एकूण मजले १२०, आणि दर पाचव्या मजल्यावर लिफ्ट थांबते. खाली जायची शिडी दगड फोडताना सापडते किंवा राक्षस मारल्यावर.

तुम्ही सातव्या मजल्यावर थकून परत फिरलात तर उद्या पुन्हा पाचव्यापासूनच सुरुवात करावी लागते. म्हणून ताकद संपत आली असेल, तर पुढचा पाचाच्या पटीतला मजला गाठता येईल का याचा अंदाज घ्या. एकच मजला उरला असेल तर हातातलं खाणं खाऊन गाठा. तीन उरले असतील तर सोडा.

सकाळी टीव्हीवर भविष्य बघायची सवय लावा. त्या दिवसाचं नशीब शिडी किती लवकर सापडेल यावर आणि खडे किती पडतील यावरही परिणाम करतं. भूतं खूश आहेत असं सांगितलं की सगळी कामं बाजूला ठेवून खाणीत जा. नाराज असतील तर शेताला पाणी घाला, मासे पकडा.

रात्री २ वाजेपर्यंत घरी पोचला नाहीत तर बेशुद्ध पडता आणि थोडे पैसे जातात, जास्तीत जास्त १,०००. पण खाणीत जीवाची पट्टी शून्यावर आली तर पैशांबरोबर पिशवीतल्या वस्तूही जातात, आणि त्यात तुमचा एकुलता एक हिरा असू शकतो. नंतर मार्लनला पैसे देऊन हरवलेल्यापैकी एकच वस्तू परत मिळवता येते. पट्टी अर्ध्यावर आली की खा किंवा वर या. आणखी एका दगडाच्या मोहात माझी बरीच कमाई अशी गेली आहे.

२. कोणता खडा कुठे

इथे जरा थांबून वाचा, कारण नवखे सर्वांत जास्त वेळ इथेच वाया घालवतात. नुसतं खाली खाली जात राहिलं की सगळं आपोआप मिळेल असं वाटतं. तसं होत नाही. खाण तीन भागांत वाटलेली आहे आणि प्रत्येक भागाचे स्वतःचे खडे आहेत.

जमिनीवर नुसते पडलेले, पिकॅक्स न चालवता उचलायचे चार स्फटिक आहेत. क्वार्ट्झ सगळीकडे मिळतो. अर्थ क्रिस्टल १ ते ३९ मजल्यांत मिळतो, तपकिरी दगडाच्या भागात. फ्रोझन टिअर ४० ते ७९ मध्ये, जिथे सगळं बर्फाने झाकलेलं आहे. फायर क्वार्ट्झ ८० च्या पुढे, लाव्हाच्या भागात. हे चार स्वस्त आहेत. विकले तर अनुक्रमे २५, ५०, ७५ आणि १०० गोल्ड मिळतात, म्हणूनच लोक ते विचार न करता विकून टाकतात. मग गावातल्या कम्युनिटी सेंटर या इमारतीच्या बॉयलर रूममध्ये जिओलॉजिस्ट बंडलला हेच चार लागतात (बंडल म्हणजे तिथे द्यायचा ठरलेल्या वस्तूंचा संच). ते बंडल पूर्ण केलं की पाच ऑम्नी जिओड बक्षीस मिळतात (जिओड म्हणजे काय ते चौथ्या भागात सांगते).

दगडातून रंगीत टोकं बाहेर आलेली दिसली की त्यात खडा आहे असं समजा. तो पिकॅक्सने फोडायचा. ॲमेथिस्ट आणि टोपाझ वरच्या मजल्यांपासूनच मिळतात. ॲक्वामरीन आणि जेड ४० च्या पुढे, रूबी आणि एमराल्ड ८० च्या पुढे. हिरा ५० च्या पुढे कुठेही दिसू शकतो, पण क्वचित.

मूळ भाव असे आहेत: टोपाझ ८०, ॲमेथिस्ट १००, ॲक्वामरीन १८०, जेड २००, रूबी आणि एमराल्ड प्रत्येकी २५०, हिरा ७५०. भाव सांगितले ते विकण्यासाठी नाही. कोणता दगड आधी फोडायचा, हे ताकद संपत आली की यावरून ठरवता येतं.

एखादा खडा हवाच असेल तर लिफ्टने त्या भागाच्या सुरुवातीला उतरा, मजला फिरून पहा, दिसला तर फोडा, नाही दिसला तर शिडी शोधून पुढचा मजला. खाणीबाहेर जाऊन परत आलात की मजला नव्याने मांडला जातो, त्यामुळे एकच टप्पा पुन्हापुन्हा करता येतो. मी फ्रोझन टिअरसाठी ४० ते ४५ एवढ्याच मजल्यांवर तीन दिवस घालवले, आणि त्या तीन दिवसांत जेडही पुरेसे झाले. बर्फाच्या भागात काळे, उड्या मारणारे डस्ट स्प्राइट दिसतील. त्यांना मारलं की वारंवार कोळसा मिळतो, आणि कोळसा धातू वितळवायच्या भट्टीला सतत लागतो.

३. पहिला नग कधीही विकायचा नाही

माझ्या भाच्याची चूक इथली. शेतावर दोन पेट्या शेजारीशेजारी ठेवा. पेट्यांना रंग देता येतो. मी एक जांभळी ठेवली आणि एक हिरवी. कोणताही खडा किंवा स्फटिक पहिल्यांदा मिळाला की जांभळ्या पेटीत, म्युझियमसाठी. दुसरा मिळाला की हिरव्या पेटीत, बंडल किंवा भेटीसाठी. विकायचा विचार तिसऱ्यापासून पुढे.

ॲक्वामरीन मात्र निदान तीन लागतात: एक म्युझियमला, एक कम्युनिटी सेंटरमधल्या बुलेटिन बोर्डाच्या डाय बंडलला, आणि एक गावातल्या एमिलीला भेट म्हणून. खेळ सुरू करताना तुम्ही रीमिक्स्ड बंडल निवडली असतील तर यादी वेगळी असू शकते, तेव्हा कम्युनिटी सेंटरमध्ये जाऊन एकदा स्वतः बघा.

शेतावरच्या विक्रीच्या पेटीत चुकून टाकलेली वस्तू परत काढता येते, पण फक्त शेवटची टाकलेली आणि तीही झोपायच्या आत. त्यावर दुसरं काही टाकलंत की आधीची गेली. म्हणून दिवसभर वस्तू विक्रीच्या पेटीत टाकत राहू नका. संध्याकाळी एकदाच, बघून टाका.

४. जिओड फोडणं

खाणीत गोल, ओबडधोबड दगड मिळतात ते जिओड. आत काय आहे ते बाहेरून कळत नाही. साधा जिओड १ ते ३९ मजल्यांत, फ्रोझन जिओड ४१ ते ७९ मध्ये, मॅग्मा जिओड ८१ ते ११९ मध्ये मिळतो. ऑम्नी जिओड २१ व्या मजल्यापासून पुढे क्वचित सापडतो आणि त्यातून जवळपास सगळ्या प्रकारची खनिजं निघू शकतात.

हे वाचताना महाराष्ट्रातल्या माणसाला वेगळाच आनंद होतो, निदान मला तरी झाला. अजिंठ्याला गेलात तर पायथ्याशी फेरीवाले ओंजळीत असेच दगड घेऊन मागे लागतात: बाहेरून काळा खडबडीत गोळा, आत चमचमणारे स्फटिक. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणात लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या. त्यांत खनिजांनी भरलेलं पाणी झिरपत गेलं आणि पोकळीच्या भिंतींवर स्फटिक वाढले. नाशिकजवळ सिन्नरला गारगोटी नावाचं संग्रहालयच आहे, तिथे हे प्रत्यक्ष बघायला मिळतं. मी ते पाहून आले आणि त्यानंतर खेळात जिओड फोडताना प्रत्येक वेळी तिथली जांभळी गुहेसारखी पोकळी आठवते.

खेळात जिओड फोडायचं काम क्लिंट लोहार करतो. एकाला २५ गोल्ड. दुकान सकाळी ९ ते दुपारी ४. कम्युनिटी सेंटर पूर्ण झाल्यावर तो शुक्रवारी दुकान बंद ठेवतो, हे अनेकांना माहीत नसतं आणि लोक पिशवी भरून जाऊन परत येतात. म्युझियम त्याच्या शेजारीच आहे. म्हणून जिओड दहा-पंधरा साठले की एकदम न्या, तिथेच फोडा, आणि नवं निघालेलं लगेच म्युझियमला देऊन टाका. घरी आणलंत तर पुन्हा विक्रीच्या पेटीची भीती.

मनासारखं निघालं नाही म्हणून खेळ बंद करून पुन्हा सुरू करण्यात वेळ घालवू नका. आतलं काय निघणार हे तुम्ही आतापर्यंत किती जिओड फोडलेत त्यावर ठरतं, त्यामुळे तोच दिवस पुन्हा खेळलात तरी तेच निघतं.

क्लिंटकडेच पिकॅक्स सुधारून मिळते. तांब्याची २,००० गोल्ड आणि तांब्याचे ५ बार, पोलादी ५,००० आणि लोखंडाचे ५ बार, सोन्याची १०,००० आणि सोन्याचे ५ बार. दोन दिवस ती त्याच्याकडे राहते. ज्या दिवशी पाऊस पडणार आहे किंवा नशीब वाईट आहे त्या दिवशी द्या. चांगल्या नशिबाच्या सकाळी हातात पिकॅक्स नाही, यासारखी हळहळ नाही.

५. म्युझियम

म्युझियम सकाळी ८ ते संध्याकाळी ६ उघडं असतं आणि गुंथर ते सांभाळतो. एकूण ९५ वस्तू द्यायच्या असतात: ४२ पुराणवस्तू आणि ५३ खनिजं. त्या ५३ मध्ये ८ मौल्यवान खडे, ४ जमिनीवरचे स्फटिक आणि उरलेली ४१ जिओडमधली खनिजं. म्हणजे खाणीत कितीही खोल गेलात तरी जिओड फोडल्याशिवाय संग्रह पुरा होत नाही.

६० वस्तू झाल्या की गुंथर गंजकी किल्ली आणून देतो आणि गावाखालच्या गटाराचं दार उघडतं. तिथे क्रोबस राहतो, त्याला हिरे फार आवडतात. ९५ झाल्या की स्टारड्रॉप मिळतो, त्याने तुमची ताकद कायमची वाढते. एकदा दिलेली वस्तू परत मागता येत नाही, फक्त मांडणी बदलता येते. मांडणी जरूर करा. मी सगळे निळे खडे एका रांगेत आणि लाल दुसऱ्या रांगेत लावले आहेत.

६. कौशल्य निवडताना

मायनिंगची पाचवी पातळी गाठली की दोन पर्याय येतात. खडे जमवायचे असतील तर जिओलॉजिस्ट घ्या, त्याने खडे जोडीने मिळण्याची शक्यता येते. मायनर घेतलं तर धातू जास्त मिळतो. दहाव्या पातळीला एक्सकॅव्हेटर घेतलं तर जिओड मिळण्याची शक्यता दुप्पट होते, जेमॉलॉजिस्ट घेतलं तर खड्यांचा भाव ३० टक्क्यांनी वाढतो. म्युझियम अपुरं असेल तर पहिलं, पुरं झालं असेल तर दुसरं.

७. क्रिस्टलेरियम

खरा बदल इथे होतो. क्रिस्टलेरियम हे यंत्र मायनिंगच्या नवव्या पातळीला शिकता येतं. ९९ दगड, सोन्याचे ५ बार, इरिडियमचे २ बार आणि १ बॅटरी लागते. एक खडा आत ठेवला की ते तसाच खडा पुन्हापुन्हा तयार करत राहतं. हिऱ्याला ५ दिवस लागतात, जेडला दोन दिवसांहून कमी.

बॅटरीवर बहुतेक जण अडतात. ती वीजवाहक दांड्यातून मिळते: शेतात लायटनिंग रॉड लावून ठेवायचा आणि वादळाची वाट बघायची. तो रॉड बनवायला लोखंडाचा १ बार, वटवाघळांचे ५ पंख आणि १ रिफाइंड क्वार्ट्झ लागतो. रिफाइंड क्वार्ट्झ म्हणजे भट्टीत कोळशाबरोबर वितळवलेली तीच गारगोटी. म्हणून क्वार्ट्झला २५ गोल्डची किरकोळ वस्तू समजू नका, दहा-वीस नेहमी शिल्लक ठेवा. फायर क्वार्ट्झ भट्टीत घातलात तर एकातून तीन रिफाइंड क्वार्ट्झ निघतात.

पहिल्या यंत्रात हिरा ठेवावा असं सगळे सांगतात. मी जेड ठेवला. कारण वाळवंटातला व्यापारी रविवारी एका जेडला एक जिना देतो, आणि पुढे स्कल कॅव्हर्नमध्ये, म्हणजे वाळवंटातल्या दुसऱ्या खाणीत, जिन्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही. शिडी शोधत बसावं लागत नाही, जिना टाकायचा आणि उतरायचं. दोन यंत्रं झाली की दुसऱ्यात हिरा ठेवा.

८. कोणाला कोणता खडा

एका माणसाला आठवड्यात दोन भेटी देता येतात, आणि वाढदिवसाची भेट आठपट मोलाची ठरते. एमिलीला ॲमेथिस्ट, ॲक्वामरीन, एमराल्ड, जेड, रूबी, टोपाझ, सगळं मनापासून आवडतं. तिचा वाढदिवस वसंतात २७ तारखेला. ॲबिगेलला ॲमेथिस्ट, शरदात १३ ला. पेनीला हिरा किंवा एमराल्ड, शरदात २ ला. सेबॅस्टियनला फ्रोझन टिअर, हिवाळ्यात १० ला. हिरा मारू, जोडी, गस आणि एव्हलिन आजींनाही आवडतो.

भेट देताना हातात कोणती वस्तू धरली आहे ते नीट बघा. फोनवर बोट शेजारच्या खणावर पडतं आणि हिरा भलत्याच्या हातात जातो.

९. प्रिझमॅटिक शार्ड

सात रंगांत झळकणारा हा तुकडा खेळातला सर्वांत दुर्मीळ खडा. ऑम्नी जिओडमधून हजारात साधारण चार वेळा निघतो. याची जास्त आशा धरावी ती स्कल कॅव्हर्नमध्ये. तिथे जायला खाणीच्या १२० व्या मजल्यावर कवटीची किल्ली मिळवावी लागते आणि वाळवंटाची बस दुरुस्त व्हावी लागते. कम्युनिटी सेंटरच्या तिजोरीत एकूण ४२,५०० गोल्ड भरले की बस सुरू होते, मग तिकीट ५०० गोल्ड. स्कल कॅव्हर्नला लिफ्ट नाही आणि तळही नाही. नशिबाचा दिवस, पंचवीस-तीस जिने, बॉम्ब आणि भरपूर खाणं घेऊन सकाळीच निघा.

पहिला शार्ड मिळाला की "पहिला नग म्युझियमला" हा माझाच नियम मोडा. तो हातात धरून वाळवंटातल्या तीन खांबांच्या मधोमध उभे राहा. शार्ड जातो आणि गॅलेक्सी तलवार मिळते. त्या तलवारीने स्कल कॅव्हर्न इतकं सोपं होतं की दुसरा शार्ड मिळायला पहिल्याइतके दिवस लागत नाहीत. दुसरा म्युझियमला द्या. क्रिस्टलेरियममध्ये याची नक्कल होत नाही, तेव्हा त्या आशेवर तिसरा जपून ठेवू नका. तो कोणालाही भेट दिला तरी चेहरा खुलतो, एक हेली सोडून. तिला तो अजिबात आवडत नाही.